आत्याबाईंच्या सत्तावीस गाठी

होळीनंतरच्या मंगळवारी मी आमच्या आत्याबाईंच्या डब्यातल्या सत्तावीस कुरोड्या तळल्या. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्यांतल्या सोळा खाल्ल्या आणि अकरा मी खाल्ल्या. संध्याकाळी आत्याबाई आंजीहून परत आल्या.

उन्हाची आत्याबाईंइतकी ओळख असलेले दुसरे माणूस वर्धा जिल्ह्यात झाले नाही. जिल्ह्याबाहेर कुठे झाले असेल, तर त्याची आमच्याकडच्या उन्हाशी भेट झालेली नसणार. बाकीचे लोक ऊन सोसतात, टाळतात, त्याला नावे ठेवतात. आत्याबाई ऊन तपासत. सकाळी ऊन गोठ्याच्या भिंतीवर उतरले की त्या अंगणात उभ्या राहत, उजवा हात पालथा करून उन्हात धरत आणि वैद्य नाडी पाहतो तसे डोळे मिटत. मग निकाल लागे. कच्चे ऊन, शिजलेले ऊन, आंबट ऊन, बहिरे ऊन. आंबट ऊन म्हणजे वर पातळ आभाळ असते ते. त्यात वाळत घातलेली वस्तू दिवसभरात नासते. बहिरे ऊन भाद्रपदातले. ते चटके देते, पण त्याला कितीही सांगा, वाळवत काही नाही. ही वर्गवारी मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, म्हणून पहिली दोन वर्षे ती मला विनोदी वाटत असे.

आत्याबाई माझ्या बायकोच्या आत्या. मूल नाही, यजमान लवकर गेलेले, आर्वीच्या रस्त्यावरून आत शिरलेल्या या गावात चार खणांचे घर आणि पुढे मोठे अंगण. योगायोगाने माझी नेमणूक याच गावच्या शाळेवर झाली. सरकारने मला नोकरी दिली आणि आत्याबाईंनी घर दिले. मी स्वतःला बदलीवर आलेला शिक्षक म्हणत असे, गाव मला घरजावई म्हणत असे. गावाचेच बरोबर होते. आत्याबाई मात्र मला शेवटपर्यंत 'जवाईबापू' म्हणाल्या आणि पाटावर बसवून वाढत राहिल्या. अंगणातली बाज उचलायची वेळ आली की मी नेमका वाचत असे, आणि "राहू द्या, जवाईबापू वाचून राह्यले" असे त्या शेजारणीला सांगत, तेव्हा मला ते कौतुक वाटे.

गावात आत्याबाईंचा अधिकार कुरोड्यांच्या दिवसांत कळे. कुरोडी म्हणजे इतर ठिकाणची कुरडई. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, त्याचा चीक काढून शिजवायचा आणि पहाटे साच्यातून बाजेवर घालायचा. म्हणजे आज गहू भिजवणाऱ्या बाईला चौथ्या दिवशीचे आभाळ माहीत असले पाहिजे. ते माहीत असणारी बाई एकच होती. फाल्गुन लागला की बायका पाण्याला जाताना आमच्या दारावरून वाकडी वाट करून जात आणि विचारत, "आत्या, भिजवू का जी?" आत्याबाई हात पालथा करत. "थांब दोन रोज." गाव दोन रोज थांबे. एका वर्षी पाटलीणबाईंनी न विचारता पायलीभर गहू भिजवला. चौथ्या दिवशी आभाळ भरून आले, चीक आंबला, आणि त्या वासाने त्यांच्या वाड्याकडून जाणारी गुरेसुद्धा माना वळवून पाहू लागली. पाटलीणबाई तक्रार घेऊन आल्या. आत्याबाई म्हणाल्या, "मले काऊन सांगता? आभायाले इचारलं होतं का तुमी?"

त्याच सुमारास शाळेला एक उष्णतामापक यंत्र मिळाले. मी ते आमच्या ओसरीच्या आतल्या भिंतीवर टांगले आणि रोज दुपारी त्यातला आकडा शाळेच्या फळ्यावर लिहू लागलो. आपण काहीतरी शास्त्रीय करत आहोत, या भावनेने माझी चालसुद्धा बदलली होती, असे बायको म्हणते. आत्याबाईंनी चार दिवस ते पाहिले.

"हे कोनाचं ऊन मोजते?"

"सगळ्यांचं."

"मंग सावलीत काऊन टांगलं?"

मी समजावले की ते सावलीतच टांगायचे असते, तसा नियम आहे.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "सावलीत बसून उन्हाच्या गोष्टी सांगते. तुमच्याच घरचं दिसते ते."

माझा भूगोलही त्यांना पुरा पडत नसे. 'आपल्या जिल्ह्याचे हवामान उष्ण व कोरडे आहे' हे वाक्य चौथीची मुले एका सुरात म्हणत. एकदा आत्याबाई शेणाची पाटी घेऊन शाळेजवळून चालल्या होत्या. त्या थांबल्या, वाक्य पुरे होऊ दिले, आणि मला म्हणाल्या, "एवढंच? अन् बाकीचं कवा सांगता?" मुले हसली. मी त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

तेव्हा शाळेला इमारत नव्हती. गावाच्या पश्चिमेला नाल्याच्या काठाने नऊ निंब होते, त्यांच्याखाली शाळा भरे. आत्याबाईंच्या लेखी ते नऊ निंब म्हणजे गावाची पश्चिमेची भिंत. चैत्र-वैशाखात तिकडून जो वारा सुटतो, तो तोंडावर भाजलेली माती मारतो. निंब तो वारा अडवत आणि गाळून गावात सोडत. नऊ झाडांच्या सावल्याही त्यांनी वाटून दिलेल्या होत्या. पहिल्याखाली न्याहारी, चौथ्याखाली बाळंतिणीची बाज, सातव्याखाली भांडण मिटवायला बसायचे, कारण तिथली सावली सर्वांत थंड. माझ्या शाळेला त्यांनी तिसरा आणि पाचवा दिला होता. चौथा मधे सोडल्यामुळे माझे दोन वर्ग एकमेकांना ऐकू येत नसत, ही सोय मी स्वतःची कल्पना म्हणून एकदा अहवालात लिहिली होती.

आता डब्याविषयी. तो बिस्किटांचा जुना चौकोनी डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर असे. यजमान गेले त्या वर्षापासून आत्याबाई दर वर्षीच्या कुरोड्यांतली एक, मुद्दाम रुपयाएवढी लहान घातलेली, त्या साली विटलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून त्यात ठेवत. वर निंबाचा पाला. त्यांना लिहिता येत नव्हते. लुगड्याच्या रंगावरून त्यांना साल कळे आणि कुरोडीवरून त्या सालचे ऊन. पांढरीशुभ्र असेल तर सरळ तीन दिवसांचे ऊन. पिवळट असेल तर मधे आभाळ. बोटाला खरखर लागली तर धूळ. हे सगळे मला नंतर कळले, असे मी इथे लिहिणार होतो. पण आत्याबाईंनी तो डबा एकदा माझ्यासमोर उघडला होता आणि एकेक पुरचुंडी दाखवत बराच वेळ सांगत होत्या. मी वाचत होतो. मान वर न करता दोनदा "असं का" म्हणालो होतो.

डबा फळीवरून काढण्याचे कारण शाळेचे छप्पर. गावाने भिंती आणि लाकूड दिले तर पत्रे सरकार देणार होते. अर्ज मी लिहिला. मराठी उत्तम होते. लाकूड कुठून येणार या रकान्यात मी 'नाल्याकाठचे नऊ निंब' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. माझे म्हणणे सरळ होते: पावसाळ्यात शाळा बंद ठेवावी लागते, मुले भिजतात, आणि मला फळा डोक्यावर धरून घरी पळावे लागते. अर्जाचे आत्याबाईंच्या कानावर गेले. गुरुवारी त्यावर गावाची सभा होती. शेजारणीला त्या म्हणाल्या, "सभेत डबा नेतो मी. साऱ्यायले दाखवतो. आंधळं तं नाई ना गाव."

आणि मंगळवारी साहेब आले. ते न सांगता आले. बायको माहेरी गेलेली, आत्याबाई कुणाच्या तरी तेराव्याला आंजीला गेलेल्या. मी खिचडी लावली. ताटात काहीतरी तळलेले हवे, म्हणून शोधू लागलो. नव्या कुरोड्या झाल्या नव्हत्या, कारण आभाळ असल्यामुळे आत्याबाईंनी गावाला अजून गहू भिजवू दिला नव्हता. मग वरच्या फळीवरचा डबा दिसला. एवढ्याशा, एकेक वेगळी बांधलेली. मला वाटले पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असाव्यात. गाठी घट्ट होत्या. काहींना दात लावावा लागला. एका शिकलेल्या माणसाला सत्तावीस गाठी सोडताना एकदाही शंका आली नाही. उलट, सोडलेली प्रत्येक चिंधी मी नीट घडी करून एकीवर एक ठेवली, कारण मी व्यवस्थित माणूस आहे.

डब्यातल्या वरच्या आधी तळल्या. पहिल्या घाण्याला साहेब चावता चावता थांबले, दाताखालचे काही ताटाच्या कडेला ठेवले आणि म्हणाले, "थोडी कच आहे, मास्तर." दुसऱ्या घाण्याला ते काही बोलले नाहीत. तिसरा घाणा डब्याच्या तळातला होता. साहेबांनी एक तोंडात टाकली, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, "अशी कुरोडी माझी आई करायची." शेवटची त्यांनी मला दिली. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिले, 'शाळेस छप्पर आवश्यक आहे.' मी त्यांना गाडीरस्त्यापर्यंत पोचवले. दिवस यशस्वी झाला होता.

संध्याकाळी आत्याबाई बैलगाडीतून उतरल्या, पाय धुऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दारात जाऊन उभा राहिलो. चुलीपाशी त्या बसल्या होत्या आणि चिंध्यांची चळत त्यांच्या मांडीवर होती. तेव्हा मला ती दुपार आठवली, ज्या दुपारी मी दोनदा "असं का" म्हणालो होतो.

"किती खाल्ल्या?"

"सगळ्या."

"सायबानं?"

"सोळा."

"अन् तुमी?"

"अकरा."

माफीची दोन-तीन वाक्ये मी मनात जुळवली होती. त्यांतल्या एकात 'अक्षम्य' हा शब्द होता. ती मी बोललो नाही, हे त्या दिवसातले माझे एकमेव शहाणपण.

मग त्यांनी विचारले, "कशा लागल्या?"

मला वाटले त्या रागावून विचारतात. पण त्यांना उत्तर खरेच हवे होते. "पयले कोनत्या तयल्या?"

"वरच्या."

"त्या कशा होत्या?"

"कच होती. साहेबांनी तसे म्हटलेही."

"कुठवर होती कच?"

मी त्यांच्याजवळ बसलो, चळत उलटी केली आणि चिंध्या एकेक करून मोजत गेलो. दुसऱ्या घाण्याच्या मध्यावर एक निळी चिंधी होती. तिच्यानंतर दाताला काही लागल्याचे आठवत नव्हते. आत्याबाईंनी ती चिंधी उलटीपालटी करून पाहिली.

"हे लढाईचं साल. पेट्रोल नव्हतं, मोटारी कोयशावर चालत. त्या कोयशासाठी नाल्यापल्याडच्या टेकडीवरची झाडं तोडली ना, ते." त्यांनी ती चिंधी मांडीवर पसरली. "लोक म्हणते ऊन बदललं. ऊन नाई बदललं, जवाईबापू. ऊन तेच हाय. मधातलं झाड गेलं."

मग त्यांनी चिंध्या डब्यात ठेवल्या, झाकण लावले आणि म्हणाल्या, "मी सांगितलं तं म्हणतीन, म्हातारी बडबडते. तुमी खाऊन पाह्यल्या. तुमी मास्तर. परवा सभेत तुमीच सांगजा."

गुरुवारी सभा भरली ती निंबांखालीच, कारण एवढी माणसे बसतील अशी सावली गावात दुसरीकडे नव्हती. निंब तोडावेत की नाही याचा विचार करताना ऊन सरकले तशी सभा दोनदा उठून पुढच्या निंबाखाली बसली. यात काही विचित्र आहे, असे कुणालाच वाटले नाही. मला वाटले, पण मी ते एक निरीक्षण म्हणून मनात नोंदवून ठेवले.

मला बोलायला सांगितले. माझ्याकडे वाक्य एकच होते: मी त्या कुरोड्या खाल्ल्या, टेकडीवरची झाडे तुटल्यानंतरच्यांत धूळ होती, आधीच्यांत नव्हती. पण समोर दोनशे माणसे होती, आणि मास्तरांनी म्हातारीचा डबा फस्त केला हे त्यांना कळणार होते. शिवाय छप्पर मलाही हवे होते. मी मोसमी वाऱ्यांपासून सुरुवात केली. त्यांच्या दोन शाखा सांगितल्या. तिथून अरण्यांच्या महत्त्वावर आलो. मागे कुणीतरी तंबाखू मळू लागले. सरपंच भला माणूस होता. तो म्हणाला, "गुर्जी, ते समजलं जी आमाले. शायेले छत पायजे का नाई, तेवढं सांगा."

"पाहिजे," मी म्हणालो आणि बसलो.

मग आत्याबाई उठल्या. डबा उघडून त्यांनी चिंध्या बाजेवर एका ओळीत मांडल्या. ही निळी, इथपासून धूळ. ही हिरवी, या साली चैत्रात तीनदा आभाळ. ही पिवळी, तेव्हा टेकडीवर झाडं होती, तीन रोजात वाळली. लोक ऐकत होते. त्यांना पुढे ऐकायचे होते, असे मला आजही वाटते. पण पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, "आत्या, हे तं लुगडं हाय. कुरोड्या कुठं गेल्या?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत होतो.

"उंदरानं खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

"कपडा तं कुठंच कुरतडला नाई."

"शिकेल होता उंदीर. गाठी सोडून खाल्ल्या."

सभा हसली. मीही हसलो, आणि शेजाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे सर्वांत मोठ्याने. हसल्यावर माणसे सैल होतात, आणि सैल झालेली सभा लवकर निर्णय घेते. आठ निंब तोडायचे ठरले. म्हातारीचा मान म्हणून सरपंच म्हणाला, "शेवटचं राहू द्या. आत्या हाय तंवर." आत्याबाई चिंध्या गोळा करत होत्या. एक वाऱ्याने उडाली ती मी उचलून दिली.

शाळेला छप्पर मिळाले. त्या साली आत्याबाईंनी डब्यात कुरोडी ठेवली नाही. त्यानंतरच्या फाल्गुनात पत्रे असे तापले की दहा वाजता वर्गातली शाई दौतीत वाळू लागली. मी शाळा सकाळची केली. मग सकाळीही जमेना, तेव्हा दोन्ही वर्ग उरलेल्या एका निंबाखाली नेले. आता ते एकमेकांना उत्तम ऐकू येतात. चौथीच्या मुलांना मी एक दिवस अंगणात उभे करून हात पालथा धरायला लावला. आत्याबाई ओसरीवरून पाहत होत्या. "बोटं सैल सोडा म्हणा," एवढेच म्हणाल्या.

त्या वर्षीच्या कुरोड्या झाल्या तेव्हा त्यांनी एक मोडून अर्धी स्वतःच्या तोंडात घातली आणि अर्धी मला दिली. कच होती; पहिल्या घाण्यापेक्षा जास्त होती. आम्ही दोघे ती चावत बसलो. मग त्यांनी एक रुपयाएवढी कुरोडी आणि लुगड्याचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. "तुमीच बांधा. अशी गाठ मारा, की तुमाले सुटली नाई पायजे." मी गाठ मारली. त्यांनी ती ओढून पाहिली, नापास केली, आणि पुन्हा मारायला लावली. पुढच्या वर्षी मी पहिल्या खेपेला उत्तीर्ण झालो.

श्रावणात आत्याबाई गेल्या. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेल्या. आदल्या दुपारी पावसात जरा उघडीप झाली, तेव्हा त्यांनी बाजेवरून हात बाहेर काढून पालथा धरला होता. कसे आहे, असे मी विचारले. त्यांनी सांगितले, पण आवाज फार बारीक झाला होता आणि मला ते ऐकू आले नाही. त्या वेळी मी वाचत नव्हतो.

दिवाळीनंतर सरपंच सुताराला घेऊन आला. अंगणात बसला, आत्याबाईंविषयी चांगले बोलला आणि मग म्हणाला, "गुर्जी, शायेले दार राह्यलं बसवायचं. आता आत्या तं गेल्या. ते एक झाड हाय, त्यात दार होऊन जाते."

"दार नको," मी म्हणालो.

"काऊन?"

मला मोसमी वारे आठवले, दोन्ही शाखांसह. मी म्हणालो, "त्या कुरोड्या मी खाल्ल्या होत्या. नव्या सालांत धूळ होती, जुन्या सालांत नव्हती."

सरपंचाने सुताराकडे पाहिले, सुताराने माझ्याकडे पाहिले. "ते तं साऱ्या गावाले मालूम हाय, गुर्जी," सरपंच म्हणाला. "पन दार?"

"नको."

"शेळ्या येतीन शायेत."

"येऊ द्या."

शेळ्या येतात. एकीने पहिलीच्या हजेरीचा कोपरा खाल्ला आहे. साहेब यंदा पुन्हा आले तेव्हा त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिले, 'शाळेस दार नाही. शिक्षकांस कारण विचारता समाधानकारक उत्तर मिळाले नाही.' जेवताना त्यांनी कुरोड्यांची आठवण काढली. संपल्या, असे मी सांगितले.

यंदाची कुरोडी बायकोने घातली आणि गाठ मी मारली. ओढून पाहायला कुणी नव्हते, म्हणून दोनदा मारली. डब्यात तीन कुरोड्या आहेत. नाल्यावर एक निंब आहे. शाळेला दार नाही.